हंगामाआधीच गुणतक्ता लिहिता येतो का?

प्रश्न : आम्ही पाच-सहा मित्र इंडियन सुपर लीग नेमाने बघतो. हंगाम सुरू होण्याआधी कोणता संघ कितवा येईल, ते प्रत्येक जण वहीत लिहून ठेवतो. गेल्या वर्षीचा गुणतक्ता समोर असूनही अंदाज साफ चुकतात. जाणकार लोक हे भाकीत कसं करतात? त्यावर भरवसा किती ठेवावा?
– एक वाचक, जामनेर

उत्तर : वरचे दोन-तीन आणि तळाचे दोन-तीन संघ बऱ्यापैकी ओळखता येतात. मधल्यांचा नेमका नंबर सांगणं जवळपास अशक्य आहे. जाणकारही तिथेच चुकतात, त्यामुळे तुम्ही खट्टू होऊ नका. फुटबॉलमध्ये गोल फार थोडे होतात, हे त्यामागचं मुख्य कारण. क्रिकेटच्या वीस षटकांत एखादी चूक भरून काढायला वाव असतो. फुटबॉलचा सामना बहुधा दोन-तीन गोलांत आटोपतो आणि बचावपटूच्या पायाला लागून वळलेला एक चेंडूही निकाल फिरवतो.

समजा, एक संघ सामन्यामागे सरासरी १.६ गोल करेल आणि समोरचा १.१, असा अंदाज आहे. पहिला संघ उघडच सरस. पण प्वासाँ या फ्रेंच गणितज्ञाच्या सूत्रात हे आकडे घातले, तर असे शंभर सामने झाल्यास सरस संघ साधारण ४९ जिंकतो, २५ बरोबरीत सुटतात आणि २६ तो चक्क हरतो. भाकीत करणारे लोक हीच आकडेमोड हंगामातल्या प्रत्येक सामन्यासाठी करतात, संगणकावर अख्खा हंगाम हजारो वेळा खेळवतात आणि कोणता संघ किती वेळा पहिल्या सहांत आला ते मोजतात. त्यांच्या हाती शेवटी शक्यता लागते, ठाम नंबर लागत नाही.

आता तुमच्या गुणतक्त्याकडे येऊ. त्यात गुणांपेक्षा गोलफरकाचा रकाना आधी बघा. एका गोलाने निसटते सामने जिंकत वर चढलेला संघ पुढच्या वर्षी बहुधा घसरतो. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे, तो तक्ता ज्या माणसांनी घडवला ती माणसं यंदा कुठे आहेत? खानदेशात गेल्या वर्षीच्या उताऱ्यावरून यंदाचा कापूस कुणी धरत नाही. बियाणं कोणतं आणि पाणी किती, हे आधी विचारतात.

मुंबई सिटीचं उदाहरण याला अगदी चपखल बसतं. २०१९-२० च्या हंगामात गोवा पहिला आला, मुंबई पाचवी. त्याच हंगामात मँचेस्टर सिटीच्या मालकांच्या सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटीत ६५ टक्के हिस्सा घेतला. मग गोव्याला घडवणारे प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा मुंबईत आले आणि त्यांच्या गोव्याच्या संघातले ह्युगो बूमू, अहमद जाहू, मुर्तदा फॉल, मंदार राव देसाई हेही मुंबईकडून खेळू लागले. तक्ता बघणाऱ्याला मुंबई पाचवी दिसत होती. बातम्या वाचणाऱ्याला गोव्याच्या संघाचा कणाच मुंबईत आलेला दिसत होता. २०२०-२१ मध्ये मुंबईने साखळीतला पहिला क्रमांकही मिळवला आणि १३ मार्च २०२१ ला फातोर्ड्याच्या मैदानावर अंतिम सामनाही जिंकला. विजयी गोल बिपिन सिंगने अगदी शेवटच्या मिनिटाला केला. पुढच्या हंगामाआधी लोबेरा गेले, बूमू कोलकात्याला गेला आणि मुंबई पुन्हा पाचवी! इतकी स्वच्छ साखळी दर वेळी मिळत नाही, पण बघायचं काय ते यातून कळतं.

कोल्हापूरकरांना हे सांगावं लागत नाही. शाहू स्टेडियमवर हंगामाचा पहिला चेंडू पडण्याआधी कोणत्या तालमीचा कोणता खेळाडू कुठल्या संघाकडे गेला, याची चर्चा पेठापेठांत रंगते. पाटाकडील, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ यांचे चाहते अंदाज बांधतात तो या नोंदणीवरूनच. माझ्या मते महाराष्ट्रात फुटबॉलची इतकी चांगली जाण दुसऱ्या कुठल्या गावाला नाही.

तक्त्यात आणखी एक गोष्ट लपते, ती म्हणजे हंगामाचा शेवट. इंग्लंडचा लेस्टर सिटी २०१४-१५ मध्ये चौदावा आला. पुढच्या हंगामाआधी तिथल्या सट्टेवाल्यांनी त्याला पाच हजारास एक असा भाव दिला आणि तोच विजेता ठरला. पण चौदाव्या आलेल्या त्या हंगामातल्या शेवटच्या नऊपैकी सात सामने त्याने जिंकले होते. त्यावरून विजेतेपद कुणीच सांगितलं नसतं. तळाशी राहणारा हा संघ नाही, एवढं मात्र सांगता आलं असतं.

काही गोष्टी तर कुठल्याच सूत्रात बसत नाहीत. एफसी पुणे सिटी २०१७-१८ मध्ये उपांत्य फेरीत पोहोचला आणि २०१९ मध्ये क्लबच बंद पडला. पुण्याचा संघ असा हातचा जावा, याची हळहळ मला आजही वाटते. त्याच्या जागी आलेला हैदराबाद पहिल्याच हंगामात शेवटचा आला आणि २०२२ मध्ये, मानोलो मार्केझ यांच्या हाताखाली, विजेता ठरला. २०२५ मध्ये तोही हैदराबाद सोडून दिल्लीला गेला. त्याच वर्षी लीगच्या व्यावसायिक हक्कांच्या करारावरून हंगामच खोळंबला. म्हणून यादी करताना मालकी, प्रशिक्षक आणि नोंदणी यांच्या बातम्या वाचाच.

वहीत एक बदल करून बघा. हंगाम संपला की प्रत्येक संघामागे किती नंबरांनी चुकलात, त्याची बेरीज करा. शेजारी दुसरी बेरीज मांडा : आदल्या वर्षीचा तक्ता जसाच्या तसा उतरवला असता, तर किती चूक झाली असती? दोन-तीन हंगाम तुमची बेरीज सातत्याने कमी आली, तर तुम्हाला खेळ कळतो असं खुशाल समजा. आणि ‘चौथा येईल’ असं लिहिण्याऐवजी ‘पहिल्या सहांत येण्याची शक्यता शंभरात सत्तर’ असं लिहा. सत्तर दिलेले सगळे संघ काही हंगाम वेगळे मोजत गेलात, की त्यांतले दहापैकी सातच्या आसपास खरोखर आले की नाही, हे त्याच वहीत तपासता येईल.