उत्तेजनेला आवर घालणारी औषधे

मेंदूतील एक चेतापेशी दुसरीला संदेश देते, तेव्हा बहुतेक ठिकाणी त्या दोघींचा प्रत्यक्ष स्पर्श होत नाही. त्यांच्यामध्ये एक फट असते. एका मिलिमीटरचे ५०,००० भाग केले, तर त्यांतील एका भागाएवढी तिची रुंदी भरेल. पहिल्या पेशीतून आलेला विद्युत-स्पंद या फटीच्या काठाशी थांबतो. तेथे साठवलेले एक रासायनिक द्रव्य फटीत उतरते, पलीकडच्या पेशीवरील ‘ग्राही’ नावाच्या प्रथिनांवर जाऊन बसते आणि संदेश पुढे जातो. ही संदेशवाहक द्रव्ये मुख्यतः दोन प्रकारची असतात: पुढच्या पेशीला चेतवणारी आणि तिला शांत करणारी. मेंदूतील पहिल्या प्रकारचे प्रमुख द्रव्य ग्लुटामेट होय. दुसऱ्या प्रकारचे गॅबा. ग्लुटामेटचे काम रोखणाऱ्या औषधांनी पेशींच्या या संभाषणात काय फरक पडतो, ते येथे पाहावयाचे आहे.

ओळख पटली ती रोधकांमुळे

ग्लुटामेट ही काही दुर्मीळ वस्तू नव्हे. डाळी, दूध, मांस या सर्वांतील प्रथिनांत ते असते. १९०८ साली जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी समुद्रवनस्पतीच्या रश्शातील रुचीचे कारण म्हणून ते वेगळे काढले होते. १९५९ च्या सुमारास कॅनबेरा येथे कर्टिस, फिलिस व वॉटकिन्स यांना असे आढळले, की ग्लुटामेटचा अत्यल्प अंशही मज्जारज्जूतील पेशींना चेतवतो. परंतु ते इतके सर्वत्र आढळणारे, आणि इतक्या सरसकट पेशींना चेतवणारे, की ते खरोखरच निसर्गाचे संदेशवाहक असेल यावर खुद्द त्यांचाही विश्वास बसला नाही.

हा संशय फिटण्यास रोधक औषधे कारणीभूत झाली. त्यामागील तर्क साधा होता. ग्लुटामेटच्या ग्राहींना अडवणारे द्रव्य दिले असता पेशींचे नैसर्गिक संभाषणही थांबत असेल, तर ते संभाषण ग्लुटामेटच्याच द्वारे चालत असले पाहिजे. वॉटकिन्स यांनी पुढे ब्रिस्टल येथे अशी अनेक रोधके तयार केली, आणि १९८० च्या दशकापर्यंत हा प्रश्न निकालात निघाला.

दोन दरवाजे

ग्लुटामेटच्या ग्राहींचे अनेक प्रकार आहेत. त्यांपैकी दोन आपल्या विषयाला महत्त्वाचे. पहिला अँपा ग्राही. ग्लुटामेट बसताच तो उघडतो, सोडियमचे आयन आत शिरतात व पेशी क्षणार्धात चेतते. दुसरा एनएमडीए ग्राही. त्याच्या मार्गात मॅग्नेशियमच्या आयनाचे बूच असते, हे १९८४ साली दाखवण्यात आले. हे बूच निघण्यासाठी पेशी अगोदरच चेतलेली असावी लागते. म्हणजे ग्लुटामेटचे आगमन आणि पेशीची जागृती या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडल्या, तरच हा दरवाजा उघडतो. त्यातून सोडियमबरोबर कॅल्शियमही आत येते आणि त्या दोन पेशींमधील दुवा बळकट होण्यास चालना मिळते. शिकणे व स्मरणात ठेवणे यांचा एक पाया येथे आहे. १९८६ साली रिचर्ड मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या मेंदूत या ग्राहीचे रोधक सोडले. गढूळ पाण्याखाली लपवलेल्या फळीची जागा लक्षात ठेवणे त्या उंदरांना फार जड गेले.

औषध हा दरवाजा तीन तऱ्हांनी अडवू शकते. एक, ग्लुटामेटची बैठक स्वतः बळकावून. दोन, उघडलेल्या मार्गात बुचासारखे अडकून. तीन, ग्राहीच्या दुसऱ्याच भागावर बसून त्याला उघडू न देऊन. अपस्मारावरील पेराम्पॅनेल हे औषध अँपा ग्राहीवर या तिसऱ्या तऱ्हेने काम करते.

अतिरेकाचे विष

उत्तेजना अनावर झाली तर पेशी मरते, हे अमेरिकेतील जॉन ओल्नी यांनी १९६९ च्या सुमारास मांडले. याचे एक उदाहरण आपल्याच देशातील आहे. दुष्काळात इतर पिके गेली तरी खेसारी, म्हणजे विदर्भातील लाखोळी, तग धरते. गरिबांनी महिनोन्‌महिने तीच डाळ मुख्य अन्न म्हणून खाल्ली की काहींचे पाय ताठरून कायमचे निकामी होतात. १९६४ साली बंगळूरच्या राव, अडिगा व सर्मा यांनी या डाळीतील विषारी अमिनो आम्ल वेगळे केले. त्याची ठेवण ग्लुटामेटसारखी असते, आणि ते अँपा ग्राहींवर बसून पेशींना चेतवत राहते. प्रयोगशाळेत हे ग्राही अगोदर रोखले असता त्याची बाधा कमी होते. मात्र एकदा जखडलेले पाय त्यामुळे मोकळे होत नाहीत.

मेंदूचा रक्तपुरवठा तुटला असताही असेच घडते. प्राणवायूवाचून गुदमरलेल्या पेशींना फटीतील ग्लुटामेट परत ओढून घेता येत नाही. ते साचते, कॅल्शियम बेसुमार आत शिरते व पेशी नष्ट होतात. मग रोधक देऊन त्या का वाचवू नयेत? प्राण्यांवरील प्रयोग आशादायक होते. पण १९९० च्या दशकात रुग्णांवर झालेल्या चाचण्यांत सेल्फोटेलसारखी औषधे निष्फळ ठरली. रुग्ण रुग्णालयात पोचेपर्यंत लोंढा बहुधा ओसरलेला असे. मोठ्या मात्रेने भ्रम व अस्वस्थता उत्पन्न होई. आणि वाचलेल्या पेशींना सावरण्यासाठी जी थोडी उत्तेजना हवी, तीही औषधाने हिरावून घेतली जात असावी.

एकच दरवाजा, दोन औषधे

या अपयशाचा अर्थ केटामीन व मेमँटिन यांच्या तुलनेने स्पष्ट होतो. दोन्ही एनएमडीएच्या उघड्या मार्गात अडकतात. १९६२ साली तयार झालेले केटामीन तेथे घट्ट बसते. भुलेच्या मात्रेत रुग्ण भोवतालापासून तुटतो. पण त्याचा श्वास बहुधा चालू राहतो, म्हणून यंत्रसामग्री तुटपुंजी असलेल्या रुग्णालयांत त्याचे मोल मोठे आहे. थोड्या मात्रेत मात्र वेगळेच घडते. केटामीन प्रथम शामक पेशींना गप्प करते व त्यामुळे मेंदूच्या बाह्यांगात ग्लुटामेट उलट वाढते, असे मानण्यास आधार आहे. हट्टी नैराश्यावर त्याचा उपयोग होतो तो कदाचित याच मार्गाने. त्याचे भावंड एस्केटामीन यास २०१९ साली अमेरिकेत त्यासाठी मान्यता मिळाली.

मेमँटिन मार्गात सैल बसते आणि लवकर निघते. त्यामुळे सततची रेंगाळणारी उत्तेजना ते अडवते, पण खराखुरा जोरकस संदेश आला की वाट मोकळी करून देते, असे त्याच्या कार्याचे स्पष्टीकरण दिले जाते. अल्झायमरच्या मध्यम व तीव्र अवस्थेत ते वापरले जाते. गुण माफकच येतो व रोग थांबत नाही. तरीही ज्या ग्राहीच्या रोधाने उंदरांची स्मृती हरपली, त्याच ग्राहीचे रोधक स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला देता येते, ते या सैलपणामुळेच. म्हणून रोधक औषध चांगले की वाईट, असा प्रश्न करण्यात अर्थ नाही. ते कोणता दरवाजा, किती घट्ट, किती वेळ आणि कोणत्या क्षणी अडवते, यावर त्याचे औषधपण अवलंबून आहे.