गॅमा कॅमेऱ्याची रोजची परीक्षा

जुना जालन्याच्या बाजारपेठेतील तराजू व वजने वेळोवेळी तपासून त्यांवर शिक्का मारला जातो, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. वजन खोटे निघाले तर गिऱ्हाइकाचे थोडेबहुत नुकसान होते. रोगनिदानाचे यंत्र खोटे बोलू लागले तर मात्र नसलेली गाठ दिसते, किंवा असलेली दिसत नाही.

अणुवैद्यकाचा पाया आपल्या राज्यात १९६३ साली परळ येथील रेडिएशन मेडिसिन सेंटरने घातला. क्ष-किरण बाहेरून शरीरात सोडले जातात. येथे रीत उलटी आहे. टेक्नेशियमसारखे किरणोत्सर्गी द्रव्य अत्यल्प मात्रेत शिरेतून देतात आणि शरीरातून बाहेर पडणारे किरण गॅमा कॅमेरा टिपतो.

कॅमेऱ्याच्या पोटात सोडियम आयोडाइडचा मोठा स्फटिक व त्यामागे प्रकाशाचे विजेत रूपांतर करणाऱ्या अनेक नळ्या असतात. त्यांतील एक जरी मंदावली, तरी चित्रात तेवढी जागा फिकट पडते. यकृताच्या चित्रात असा डाग पडला तर तो यंत्राचा की रोगाचा, हे नुसत्या डोळ्यांना कळणे कठीण. म्हणून रोज सकाळी रुग्णाऐवजी कोबाल्ट-५७ ची सपाट तबकडी कॅमेऱ्यासमोर ठेवतात. चित्र सर्वत्र सारखे उमटले पाहिजे. बारीक तपशील वेगळा दिसतो की नाही, हे शिशाच्या पट्ट्यांच्या जाळीवरून ठरवितात. औषधाची मात्रा मोजणारे उपकरणही सीझियम-१३७ च्या ज्ञात नमुन्यावर रोज पडताळावे लागते.

स्फटिक मोठा नाजूक. तापमान एकाएकी बदलले की त्याला तडा जातो, आणि तडा गेलेला स्फटिक बदलावाच लागतो. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात वीज जाऊन वातानुकूलन बंद पडणे ही गैरसोयच नव्हे, यंत्रावरचे संकट आहे. अशा विभागाची योजना आखताना इमारतीपूर्वी विजेचा विचार झालेला बरा.

या केंद्रांना परवाना देणारे अणुऊर्जा नियामक मंडळ १५ नोव्हेंबर १९८३ रोजी स्थापन झाले. चाचण्यांच्या नोंदी ठेवणे केंद्रांवर बंधनकारक आहे.

टेक्नेशियमची तीव्रता दर सहा तासांनी निम्मी होते. इंजेक्शन दिल्यावर कॅमेऱ्यातील दोष उघडकीस आला, तर घेतलेला किरणोत्सर्ग वाया जातो आणि पुन्हा इंजेक्शन घ्यावे लागते. गावाहून पहाटे निघालेल्या रुग्णाला म्हणूनच चाचणी पुरी होईपर्यंत थांबविले जाते.