नोरेन बाजूला सारण्याआधी

जपानला नोकरीसाठी निघालीस म्हटल्यावर घरातला प्रत्येक जण तुझ्या बॅगेत मेतकूट, भाजणी आणि लोणच्याच्या बरण्या कोंबणार. घे, सगळं घे, कुकरही घे. पण ते सामान संपेल, ऑफिसातून सुटायला रात्रीचे आठ वाजतील, आणि स्टेशन ते घर या वाटेवर खाण्याची दुकानं ओळीने उघडी असतील. टोकियोत संसार करून मी म्हातारी झाले. खायची हौस मला पहिल्यापासून, आणि गल्लीबोळातल्या एवढ्याशा दुकानांत इतकं चांगलं खायला घालणारं दुसरं शहर मी पाहिलेलं नाही. तेव्हा या बाबतीत माझं ऐक.

जिथे एकच जिन्नस मिळतो, ते दुकान आधी बघायचं. सोबावाला सोबाच्या शेवयाच करतो, तोंकात्सुवाला डुकराच्या मांसाचं कटलेट म्हणजे तोंकात्सुच, उनागीवाला जन्मभर उनागी, म्हणजे ईल मासाच भाजतो. मिसळ खायची असली की आपण मिसळवाल्याकडेच जातो ना, तसंच हे. दारावर लोंबणारा कापडी पडदा म्हणजे नोरेन. तो बाहेर टांगलेला असला की दुकान चालू, आत काढून घेतला की बंद. दार नुसतं उघडं दिसलं म्हणून आत शिरायचं नाही. मालक दिवसभर उभा राहून मागचं आवरत असतो, त्याला नाही म्हणायची पाळी आणू नये. बंद होण्याच्या अर्धा तास आधी शेवटची ऑर्डर घेतात, हेही धरून चाल. आणि ताबेलोग नावाचं ॲप तुला सगळे सांगतील. त्यावर साडेतीन गुण म्हणजे फार चांगलं दुकान. आपल्या सवयीने चारच्या खालचं सगळं वगळलंस, तर उत्तम दुकानं हातची जातील.

महाग दुकानांत दुपारी जा. रात्री ज्यांच्या दारात उभं राहायची छाती होत नाही, अशी बरीच दुकानं दुपारी तेच सामान, तोच स्वयंपाकी, पण कितीतरी कमी पैशांत जेवू घालतात. साध्या दुकानात हजार येनच्या आसपास तेइशोकु मिळतं: भात, मिसो सूप, लोणचं आणि एक मुख्य पदार्थ. वेळ साडेअकरा ते दोन. बारा ते एक सगळी ऑफिसं बाहेर पडलेली असतात, म्हणून साडेअकराला तरी जा, नाहीतर सव्वा वाजल्यानंतर. दोननंतर पडदा आत जातो तो पाचलाच बाहेर येतो.

रामेनच्या, म्हणजे सूपातल्या शेवयांच्या दुकानात दाराशी तिकिटाचं यंत्र असतं. आधी पैसे टाकायचे, मग बटण दाबायचं, तिकीट काउंटरवर ठेवायचं. वाचता येईना तर अगदी वरचं डावीकडचं बटण दाब. बहुतेक दुकानं तिथे आपला नावाजलेला पदार्थ ठेवतात. पण आधी हे लक्षात घे, की रामेनचं सूप कोंबडीच्या, डुकराच्या हाडांचं किंवा सुक्या मासळीचं असतं. तोंकोत्सु म्हणजे तर तासन्‌तास उकळलेली डुकराची हाडंच. खाणार असशील तर गरम असतानाच भुर्रकन आवाज करत खा, तिथे त्याला कुणी नावं ठेवत नाही. खाऊन झालं की ऊठ. बाहेर रांग उभी आहे आणि आत जेमतेम आठ-दहा खुर्च्या आहेत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुझ्या आईने मला फोनवर विचारलं, शाकाहारी माणसाचं तिथे कसं होणार? नीट होईल, पण दाशी समजून घेतली तर. दाशी म्हणजे जपानी स्वयंपाकाचं मूळ पाणी. कोंबु नावाचं समुद्री शेवाळ आणि वाळवून, धुरी देऊन दगडासारखा टणक केलेला कात्सुओ मासा किसून त्यात घालतात. कोंबुच्या चवीमागे ग्लुटामेट आहे हे 1908 साली टोकियोच्या विद्यापीठातल्या किकुनाए इकेदा यांनी शोधून काढलं आणि त्या चवीला उमामी हे नाव दिलं. ही दाशी मिसो सूपमध्ये असते, सोबाच्या आमटीत असते, उकडलेल्या पालकावर ओततात त्यात असते, अंड्याच्या गुंडाळीतही असते. ताटात माशाचा तुकडा दिसणार नाही, पण मासा असेल. इनारी सुशी म्हणजे गोडसर तळलेल्या तोफूच्या पिशवीत भरलेला भात. सगळ्यांना ती शाकाहारी वाटते, पण तो तोफूही बहुधा दाशीतच शिजलेला असतो.

म्हणून आधी स्वतःशी ठरव, की तुझी रेघ कुठे आहे. माशाचा तुकडा नको पण रस्सा चालेल, असं असेल तर निम्मा जपान तुला मोकळा आहे. रस्साही नको असेल तर पाठ कर: निकु मो साकाना मो ताबेमासेन, साकाना नो दाशी मो दामे देस. मांस नाही, मासे नाहीत, माशाची दाशीही चालत नाही. नुसतं व्हेजिटेरियन म्हणालीस तर भाजी भरपूर घालून वर कात्सुओच्या पापुद्र्यांची पखरण करून देतील, आणि अगदी मनापासून देतील. चांगल्या दुकानात जायचं असेल तर जागा राखून ठेवतानाच सांगायचं. दाशी सकाळीच करून ठेवलेली असते, टेबलावर बसल्यावर ती ताटातून काढता येत नाही. आणि एखाद्याने हात जोडून आम्हाला जमणार नाही म्हटलं, तर वाईट वाटून घेऊ नकोस. तो खोटं काही ताटात घालत नाही, याचं मला कौतुक आहे.

खात्रीचं काय मिळतं तेही सांगते. काकडीची काप्पामाकी, मुळ्याच्या लोणच्याची शिंकोमाकी, नात्तोमाकी. नात्तोला वास आहे आणि तार सुटते, पण एकदा खाऊन बघ. तेंपुराच्या दुकानात भोपळा, वांगं, रताळं, कमळकाकडी. बुडवायच्या पाण्यात दाशी असते, म्हणून शिओ म्हण, म्हणजे मीठ देतील. मात्र तेल कोळंबी तळलेलंच असतं, ते चालत नसेल तर तेंपुरा सोड. पिठात बुडवून तळायची ही रीत पोर्तुगिजांकडून आली असं मानतात. ते 1543 साली जपानला पोचले. आपल्या गोव्याचा त्या वाटेशी जवळचा संबंध: फ्रान्सिस झेवियर गोव्याहूनच निघून मलाक्कामार्गे 1549 साली कागोशिमाला उतरला.

आणि एकदा कोयासानला, देवळांच्या डोंगरावर जा. तिथे देवळांत मुक्काम करता येतो आणि शोजिन र्‍योरी मिळतं. मांस-मासे तर नाहीतच, कांदा-लसूणही नाही. आपल्या चातुर्मासातल्या स्वयंपाकघराची शिस्त तिथे बारा महिने. तिळाचा गोमादोफू आणि कोंबुच्या दाशीतल्या भाज्या खाताना तुला काही विचारावं लागणार नाही, काही तपासावं लागणार नाही. शाकाहारी माणसाला जपानी चव मनमोकळेपणाने कळते ती इथे.

मासे खाणार असशील तर सुशीच्या काउंटरवर बसायला शीक. आधी कायतेन, म्हणजे फिरत्या पट्ट्यावरच्या दुकानात सराव कर. बिअरच्या कारखान्यातला सरकता पट्टा पाहून योशिआकी शिराइशी यांना ती युक्ती सुचली आणि 1958 साली ओसाकाजवळ असं पहिलं दुकान निघालं. बशीच्या रंगावरून किंमत कळते. प्रत्येक जागेसमोर एक छोटा नळ असतो, त्यातून चहासाठी उकळतं पाणी येतं. हात धुवायला म्हणून त्याखाली धरू नकोस, भाजेल.

मग खऱ्या काउंटरवर. अत्तर लावून जायचं नाही; शेजाऱ्याला माशाचा वास घ्यायचा असतो. स्वयंपाकी समोर एक घास ठेवतो, तो ठेवताक्षणी खायचा. त्याने हातात दाबलेला भात अजून अंगाइतका कोमट असतो आणि वरचा मासा थंड, ही गंमत अर्ध्या मिनिटात निघून जाते. फोटो काढत बसलीस तर गेलीच. हाताने खाल्लं तरी चालतं. अंगठा आणि दोन बोटांत घास धर, आडवा कर आणि माशाची कड सोयात टेकव. भात बुडवलास तर तो सोया पिऊन फुटतो. अनागो माशासारख्या घासावर आधीच दाट रस लावलेला असतो, त्याला सोया लागत नाही. आल्याच्या गुलाबी चकत्या दोन घासांच्या मध्ये खायच्या, घासावर ठेवायच्या नाहीत. वासाबी नको असेल तर आधीच साबी-नुकी म्हण. आज काय चांगलं आहे ते त्यालाच विचार. त्यांचं सगळं ऋतूवर चालतं: उन्हाळ्याच्या तोंडाशी कात्सुओ, शरदात साम्मा, थंडीत बुरी मासा आणि हिरोशिमाचे कालव. आपल्याकडे हापूस दिवाळीत कुणी मागत नाही, इतकं लक्षात ठेव.

चॉपस्टिकचे दोन नियम मोडायचे नाहीत. भातात उभ्या खोचायच्या नाहीत, कारण मृतासमोर ठेवलेल्या भातात त्या तशा खोचतात. आणि एकीच्या चॉपस्टिकमधून दुसरीच्या चॉपस्टिकमध्ये घास द्यायचा नाही, कारण दहनानंतर अस्थी तशा उचलतात. बाकीच्या चुका कुणी मनावर घेत नाही.

ऑफिसातली मंडळी तुला इझाकायात, म्हणजे पिता-पिता खायच्या दुकानात, नेतील. बसल्या बसल्या न मागता एक छोटी वाटी येते, तिला ओतोशी म्हणतात. तिचे तीनशे ते पाचशे येन बिलात लागतात. फसवलं असं समजू नकोस, बसण्याचे पैसे असतात ते. त्यातही मासा असू शकतो, तेव्हा आधी विचार. पीत नसशील तर ऊरोन-चा माग. थंड चहाचा ग्लास हातात घेऊन कांपाई म्हणता येतं, आणि पुढे कुणी आग्रह करत नाही. आपला ग्लास आपण भरायचा नाही, शेजाऱ्याचा भरायचा. तुझा ग्लास तो भरेल.

आपल्या चवीची आठवण आली की काय करायचं? जपानी करी राइस ही वेगळीच गोष्ट. मेइजी काळात इंग्रजांकडून आलेली, दाट, गोडसर, बाजूला लाल फुकुजिनझुके लोणचं. तिच्या मसाल्याच्या वड्यांत बऱ्याचदा गाईची किंवा डुकराची चरबी असते, पाकिटावरचं वाचून किंवा विचारूनच घे. खरी भारतीय करी खायची तर शिंजुकूच्या नाकामुराया नावाच्या दुकानाकडे जा. ब्रिटिशांपासून लपताना क्रांतिकारक रासबिहारी बोसांना ते दुकान चालवणाऱ्या कुटुंबाने आसरा दिला, मुलगी दिली, आणि 1927 सालापासून तिथे त्यांची करी मिळू लागली. ती कोंबडीची आहे, शाकाहाऱ्यांनी नुसतं दर्शन घ्यावं. गिंझातलं नायर रेस्तराँ 1949 सालचं, तेही एका स्वातंत्र्यसैनिकाचं. बाकी गल्लोगल्ली भारतीय पाटी लावलेली जी दुकानं दिसतात, त्यांतली पुष्कळशी नेपाळी बांधव चालवतात. परातीएवढा गोडसर नान, मुबलक करी आणि शाकाहारी मागितलं की लगेच समजणारा माणूस. त्यांना नाकं मुरडणारे लोक मला आवडत नाहीत. थंडीच्या रात्री हिंदीत दोन शब्द बोलून डाळ वाढणारा माणूस परक्या देशात फार मोलाचा असतो. शुद्ध आपल्या वळणाचं हवं असेल तर निशि-कासाईला जा, तिथे आपली वस्ती आहे, किराणाही मिळतो.

पैशांचं थोडक्यात. टिप द्यायची नाही. ठेवून आलीस तर मागे धावत येऊन परत देतील. छोट्या दुकानांत अजूनही रोखच लागते, पर्समध्ये काही हजार येन कायम ठेव. पैसे हातात न देता समोरच्या छोट्या तबकात ठेवायचे. बोलवायला सुमिमासेन, बिलाला ओकाइकेइ.

आणि शेवटचं. रोज नवं दुकान शोधत फिरू नकोस. घराजवळचं एक धर, काउंटर असलेलं, मालक स्वतः शिजवतो असं. एकटी गेलीस तरी चालतं, तिथे एकट्या जेवणाऱ्या माणसाकडे कुणी बघतही नाही. आधी इतादाकिमास म्हणून जेव, वाढलेलं संपव, आणि निघताना आतल्या स्वयंपाक्याला ऐकू जाईल इतक्या आवाजात गोचिसोसामा देशिता म्हण. आमच्या स्टेशनमागे एक नवरा-बायको सोबा करतात. सोबा संपला की त्यातल्या आजी सोबा उकळलेलं गढूळ, दाट पाणी लाखेच्या चौकोनी भांड्यातून आणतात, उरलेल्या आमटीत ते ओतून प्यायचं असतं. मी थंडीची आले की त्या ते भांडं मी जेवत असतानाच जवळ आणून ठेवतात, म्हणजे हात शेकता येतात. बोलणं आमचं हवेपलीकडे फारसं जात नाही. पण आठवडाभर दिसले नाही तर त्या विचारतात, बरं नव्हतं का. एकट्या राहणाऱ्या मुलीला असं विचारणारं एक दार तरी पाहिजे.

पोचलीस की पहिल्या रविवारी स्टेशनमागची गल्ली पायी फिरून घे, आणि कुठलं दुकान धरलंस ते मला फोन करून सांग.