वैद्यकीय तंत्रविद्येचा उच्च अभ्यास

रोग्याच्या उशाशीं उभा असलेला डॉक्टर सर्वांच्या नजरेंत भरतो. परंतु त्याच्या हातांतील उपकरण कोणीं घडविलें, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. तें उपकरण घडविणारी जी विद्या, तिला वैद्यकीय तंत्रविद्या म्हणतात. पदवीनंतर तिचा उच्च अभ्यास कां करावा लागतो व त्याचें फळ काय, हें एका उदाहरणावरून समजून घेऊं.

आपल्या हृदयांत चार झडपा आहेत. त्या दाराप्रमाणें उघडतात व मिटतात आणि रक्ताला एकाच दिशेनें जाऊं देतात. लहानपणीं एका विशिष्ट जंतूमुळें घसा सुजतो. त्यावर वेळेवर उपचार न झाल्यास कांहीं मुलांना संधिवातज्वर जडतो. सांध्यांचें दुखणें पुढें थांबतें, परंतु हृदयाच्या झडपांना झालेली इजा पुष्कळदां कायम राहते. अशी झडप आकसते किंवा गळूं लागते, आणि ऐन तारुण्यांत माणसाला चार पायऱ्या चढतांना धाप लागते. झडप फारच बिघडली म्हणजे ती काढून कृत्रिम झडप बसवावी लागते. एके काळीं अशा झडपा परदेशांतून येत, आणि त्यांची किंमत गरिबाच्या आवाक्याबाहेरची असे.

ही अडचण दूर करण्याचें काम तिरुअनंतपुरम् येथील श्रीचित्रा तिरुनाल संस्थेनें अंगावर घेतलें. संस्थेचे प्रमुख डॉ. एम्. एस्. वलियाथन हे स्वतः हृदयाचे शल्यविशारद होते. परंतु केवळ शस्त्रक्रिया जाणल्यानें झडप घडत नाहीं. म्हणून रुग्णालयाच्या जोडीला एका जुन्या राजवाड्याच्या आवारांत तंत्रविद्येचा स्वतंत्र विभाग उभा राहिला, आणि डॉक्टर व अभियंते एकत्र कामास लागले.

हें काम किती अवघड, हें कळण्यासाठीं थोडें गणित करूं. हृदयाचे ठोके मिनिटाला सुमारें ७२ पडतात. दिवसाचीं मिनिटें १४४०. म्हणजे दिवसाला १,०३,६८० ठोके, वर्षाला पावणेचार कोटींहून अधिक, आणि दहा वर्षांत सुमारें ३८ कोटी. प्रत्येक ठोक्याला झडप एकदां उघडली व मिटली पाहिजे, आणि एकदांही अडतां कामा नये. तिचा सांगाडा मोडूं नये, ही धातुशास्त्राची बाब. तिची चकती झिजूं अथवा फुगूं नये, ही रसायनशास्त्राची बाब. रक्ताचा प्रवाह सुरळीत वाहावा, ही पदार्थविज्ञानाची बाब. आणि परक्या पदार्थाला स्पर्श होतांच रक्त गोठूं पाहतें, ही वैद्यकाची बाब. एकाचें उत्तर दुसऱ्याला बाधक ठरे. पहिले तीन नमुने टाकून द्यावे लागले. चौथ्या नमुन्यांत कोबाल्ट व क्रोमियम यांच्या मिश्रधातूचा सांगाडा, चिवट पॉलिएथिलीनची चकती आणि टांके घालण्यासाठीं पॉलिएस्टर कापडाची कड अशी योजना केली. यंत्रावर व मेंढ्यांवर कसून परीक्षा झाल्यावर ६ डिसेंबर १९९० रोजीं ती झडप प्रथम एका रुग्णाला बसविण्यांत आली. त्यानंतर हजारों रुग्णांना तिचा लाभ झाला.

या हकीकतींत उच्च अभ्यासाचें मर्म आहे. पहिल्या पदवीच्या वेळीं मनुष्य बहुधा एकच विद्या शिकतो. डॉक्टराला शरीर कळतें, अभियंत्याला यंत्र कळतें. परंतु एकमेकांची भाषा दोघांनाही येत नाहीं. ती शिकविणें हें या अभ्यासक्रमाचें मुख्य कार्य. अभियांत्रिकीच्या पदवीधरासाठीं तो बहुधा दोन वर्षांचा असतो. त्यांत शरीररचना, शरीरक्रिया, शरीरांत वापरावयाचे पदार्थ, हृदयाच्या व मेंदूच्या विद्युत्‌संकेतांचें मापन इत्यादि विषय येतात, व शेवटीं एखादा प्रश्न हातीं घेऊन प्रबंध लिहावा लागतो. मुंबईस पवई येथील आय. आय. टी. मध्यें हा अभ्यास होतो. प्रवेशासाठीं ‘गेट’ नांवाची परीक्षा असून २०२० पासून तींत या विषयाची स्वतंत्र प्रश्नपत्रिका आहे. खरगपूरच्या आय. आय. टी. नें एम्. बी. बी. एस्. झालेल्या डॉक्टरांसाठीं तीन वर्षांचा अभ्यासक्रम काढिला. मद्रासची आय. आय. टी., श्रीचित्रा संस्था आणि डॉ. आयडा स्कडर यांनीं स्थापिलेलें वेल्लोरचें ख्रिश्चन मेडिकल कॉलेज या तिघांनीं मिळूनही असा एक अभ्यासक्रम आखिला. त्यांत अभियंत्याला प्रत्यक्ष रुग्णालयांत राहून डॉक्टरांच्या अडचणी पाहावयास मिळतात.

विद्यार्थिमित्रहो, अकरावींत गणित सोडावें कीं जीवशास्त्र, असा प्रश्न पुढें येईल, तेव्हां या झडपेची आठवण ठेवा. शक्य असल्यास दोन्ही ठेवा. हातानें वस्तु जुळविण्याची, बिघडली तर उकलून पाहण्याची संवय आजच लावून घ्या. आणि पालकांनाही दोन शब्द. हा मार्ग लांबचा आहे, व त्यांत नांवलौकिक चटकन मिळत नाहीं; मुलगा अगर मुलगी या वाटेनें जाऊं म्हणेल, तर धीर धरावा. दुसरें असें कीं, मुलाचा घसा दुखून ताप आला तर घरगुती काढ्यावर न भागवितां डॉक्टरांना दाखवावें, आणि त्यांनीं दिलेलें औषध, बरें वाटलें तरी, सांगितलेल्या मुदतीपर्यंत पुरें करावें. उत्तम झडप घडविणें हें थोर कार्य खरेंच. परंतु देवानें दिलेली झडप शाबूत राखणें हें त्याहून श्रेयस्कर, आणि तें प्रत्येक घराच्या हातीं आहे.