मोहाचा हिशोब



चैत्रात मोह गळू लागला की आमच्याकडच्या बाया तांबडं फुटायच्या आत टोपली घेऊन रानात असतात. फुले वेचायची, डोक्यावर आणायची, अंगणात वाळवायची. वाळल्यावर वजन निम्म्याहून कितीतरी कमी भरते.

बचतगटात मी विचारले, "यात खर्च किती?" एक मावशी म्हणाल्या, "खर्च कसला? झाड देवाचं, हात आपले." मीही खर्चाच्या रकान्यात शून्य लिहिणार होते! मग फळ्यावर मांडले. समजा, 10 दिवस राबून 2,000 रुपये आले. दिवसाला 200 पडले. रोजंदारी 300 असेल, तर हा नफा कुठला?

अर्थात, त्या दिवसांत रोजंदारी मिळतेच कुठे? खरी गळती पुढे आहे. मीठ-तेलासाठी मोह लगेच विकावा लागतो आणि पावसाळ्यात तोच मोह व्यापाऱ्याकडून चढ्या भावाने परत घ्यावा लागतो. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करून विकण्याचा हक्क दिला. थांबण्याची ऐपत मात्र कायद्याने येत नाही. म्हणून गटाने यंदा मोह ठेवून घेऊन थोडी उचल द्यायचे ठरवले आहे. ओल लागली की मोहाला बुरशी येते, आणि कोरडी खोली अजून मिळालेली नाही. मावशींनी मात्र वहीत आपले दहा दिवस लिहून घेतले.