एसीच्या पॅनेलमागचा दिवा

जबलपूरच्या सिविल लाइंसमधून रात्री नागपूरला निघालं की लखनादौन, शिवनी मागे पडतात आणि कुरई घाट येतो. पावसाळ्यात तिथे समोरची काच आतून धुरकट होते. वारा काचेकडे, एसी चालू, बाहेरची हवा आत, एवढं तरी अंधारात चटकन जमायला हवं. ‘बटणं पाठ आहेत’ म्हणणाऱ्या आमच्या घरातल्या बहाद्दरांनाही, पॅनेलचे बल्ब गेल्यावर, चाचपडावं लागलं. त्या दुरुस्तीतून जे कळलं ते असं.

१. आधी नक्की काय गेलंय ते पाहा. पार्किंग लाइट लावल्यावर स्पीडोमीटरही काळाच राहिला, तर फ्यूज आणि डिमर तपासा. डिमरचं चाक धूळ पुसताना शेवटाला सरकलेलं असतं आणि माणसं थेट मेकॅनिक गाठतात. अंधार फक्त एसीच्याच पट्टीवर असेल, तर बल्ब.

२. ‘भैया, पूरा पैनल बदलवा लो’ हा सल्ला मिळणारच. मानू नका. बऱ्याच जुन्या गाड्यांत पॅनेलच्या पाठीशी प्लास्टिकचा छोटा होल्डर असतो. पेचकसाने पाव फेरा दिला की बल्बसकट हातात येतो. काही गाड्यांत मात्र बल्ब सर्किटवरच डाखलेला असतो. त्याला मोबाइल दुरुस्त करणाऱ्याचा सरावलेला हात लागतो, आणि तो मढातालच्या जयंती कॉम्प्लेक्समध्ये मिळतो.

३. खरं काम उघडण्यात आहे. बॅटरीची निगेटिव्ह तार काढून थोडं थांबा. पिवळे कनेक्टर एअरबॅगचे, त्यांना हात लावायचा नाही. तार काढण्याआधी म्युझिक सिस्टिमला कोड लागतो का ते पुस्तिकेत पाहा. जबलपूरच्या जानेवारीत सकाळी प्लास्टिक कडक असतं, क्लिपा कटकन तुटतात. गाडी दुपारच्या उन्हात उभी करा, मग हात घाला. पेचकसाच्या टोकाला कापडी पट्टी गुंडाळली की ओरखडे पडत नाहीत. पॅनेल एकदम ओढू नका. मागे थंड-गरमच्या नॉबला लोखंडी केबल असेल तर ती कुठे अडकवली आहे त्याचा फोटो काढून मगच सोडा.

४. जुना बल्ब फेकू नका, तोच दुकानात दाखवा. साधारण १२ व्होल्ट, १.२ वॅटचा हा जीव; वॅट वाढवले तर उजेडाआधी प्लास्टिक तापतं. हिरवी किंवा निळी रबरी टोपी जुन्यावरून काढून नव्यावर चढवा, नाहीतर पॅनेलचा रंगच बदलतो. हेडलाइटच्या हॅलोजनला बोट लावू नये म्हणतात, ती धास्ती इथे नको.

५. एलईडीचा मोह सगळ्यांनाच होतो, माझं मत विरोधात आहे. फिलामेंटचा उजेड चहूबाजूंना पसरतो आणि पॅनेलमधलं पारदर्शक प्लास्टिक त्याच हिशेबाने घडवलेलं असतं. एलईडी बहुतेक समोरच फेकते. मग मधलं बटण झगझगीत आणि कडेचे आकडे अंधारात. डिमरलाही ती नीट जुमानत नाही. घाटात डोळ्यांना समोरचा रस्ता दिसायला हवा, पॅनेल जेमतेम दिसलं तरी पुरे. तरीही लावलीच आणि पेटली नाही, तर उलटी फिरवून बसवा. तिला प्लस-मायनस कळतं.

६. एक गेला की सगळे बदला. सगळे एकाच दिवशी कामाला लागलेले असतात. इंजिन चालू असताना गाडीत १४ व्होल्टच्या आसपास असतात आणि व्होल्टेज जरा चढलं तरी फिलामेंटचं आयुष्य झपाट्याने घटतं. एखाद्या बल्बची काच आतून काळवंडलेली दिसली तर तोही जाण्याच्या बेतात आहे. चार पैशांच्या बल्बसाठी पुन्हा डॅशबोर्ड कोण उघडणार!

७. क्लिपा दाबण्याआधी सगळे कनेक्टर जोडा, मगच बॅटरी लावा आणि दिवे पेटवून पाहा. धोक्याच्या दिव्याचं बटण हमखास विसरतं. केबल असेल तर नॉब थंडपासून गरमपर्यंत पूर्ण फिरतो का ते पाहा. मधेच अडला तर केबल खाचेत नीट बसलेली नाही. पॅनेल अजून मोकळं आहे तोवरच ती काढून पुन्हा बसवा.