बांधावरची वेडी बाभूळ

वाचन : नीतिसूत्रे 24:30-34, मत्तय 18:15-17



आळशी माणसाच्या शेतात नीतिसूत्रकाराला सगळीकडे काटे माजलेले आणि दगडी कुंपण ढासळलेले दिसले. नांदेड-लातूरकडे हे चित्र नवे नाही. पडीक रानात, ओढ्याकाठी वेडी बाभूळ अशीच माजते.

हे झुडूप मूळचे अमेरिका खंडातले. एकोणिसाव्या शतकात ते भारतात आणले गेले. त्याच्या गोड शेंगा शेळ्या-गुरे खातात. पण बी पचत नाही, ते शेणा-लेंड्यांतून दुसऱ्याच्या रानात पडते व उगवते. म्हणून माझ्या बांधावरचा काटा माझ्यापुरता राहत नाही. इथे शेजारप्रीतीचा प्रश्न येतो.

आधी आपला बांध पाहावा. गावरान बाभळीची फुले गोल व पिवळी असतात, शेंगा मण्यांच्या माळेसारख्या, ती राखावी. वेडीचा फुलोरा लांबट, शेंगा पिवळट व चपट्या असतात. ती वरून तोडली की बुडातून पुन्हा फुटते. म्हणून पावसाने जमीन ओली असताना रोपे उपटावीत आणि मोठे बूड कुदळीने वीतभर खालून काढावे. शेंगा धरण्याआधीच हे काम करावे. बांध पेटवू नये. काट्यांना लागलेली आग दुसऱ्याच्या पिकात गेली, तर आग लावणाऱ्याने भरपाई द्यावी, असे मोशेचे नियमशास्त्रही सांगते (निर्गम 22:6). मोठे झाड तोडण्यापूर्वी परवानगीची चौकशी तहसील कार्यालयात करावी.

शेजाऱ्याच्या बांधावर काटे असतील तर? प्रभू येशू अपराधी भावाविषयी बोलला. पण त्याने सांगितलेला क्रम इथेही उपयोगी आहे. प्रथम एकट्याने भेटा, पारावर चारचौघांत नको. ऐकले नाही तर दोन जाणती माणसे सोबत न्या. त्यानंतरच गट नंबर लिहून ग्रामपंचायतीकडे अर्ज द्या. गायरान, रस्ता किंवा तलावाकाठच्या झुडपांची माहिती मात्र थेट ग्रामपंचायतीला द्यावी. सल्ल्यासाठी सगरोळीचे कृषी विज्ञान केंद्र आणि परभणीचे कृषी विद्यापीठ आहे.

एकट्याने भेटण्याचे आणखी एक कारण आहे. काटे नेहमी आळसानेच माजतात असे नाही. घरी म्हातारी आई एकटी असते, मुलगा पुण्याला कामाला असतो. कुठे विधवा बहीण मजुरी देऊ शकत नाही. अशा दारात तक्रार नव्हे, कुदळ घेऊन जावे. तिथे अर्ज देणे सोपे आहे, पण ते ख्रिस्ती वागणे नव्हे.

चिंतनासाठी : बांधावरून मी कोणाशी बोलणे सोडले आहे का?

कृती : या आठवड्यात कुटुंबाने आपला बांध फिरून पाहावा. तरुणांनी अशा एका एकट्या शेजाऱ्याचा बांध मोकळा करून द्यावा, मग तो कोणत्याही धर्माचा असो.